माग्रितच्या शेकोटीसमोर

ब्रसेल्सला मी एका चित्रासाठी थांबले. त्याआधीचे चार दिवस आणि दोन शहरे पावसात गेली, त्यांविषयी लिहिण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. मनात मात्र आठ महिन्यांपासून अडलेली एक कथा होती. तिच्यात मी उलटे चालणारे घड्याळ घातले होते, बोलणारा आरसा घातला होता, घरातून वाहणारी नदीसुद्धा आणली होती. आणि एवढे नवल रचूनही ती वाचताना अंगावर साधा शहारा येत नव्हता.

प्लास रॉयाल या चौकातले माग्रित संग्रहालय २००९ मध्ये सुरू झाले. रेने माग्रित (१८९८–१९६७) या बेल्जियन अतिवास्तववादी चित्रकाराच्या दोनशेहून अधिक कलाकृती तेथे आहेत. दालनांत उजेड बेताचा ठेवलेला आहे आणि तो मला आवडला, कारण डोळे आपोआप चित्राकडेच वळतात. गर्दीचा मात्र मनापासून राग आला. माणसे चित्रासमोर येत, मोबाइल उंचावत आणि चित्राकडे एकदाही नीट न पाहता पुढच्या चित्राकडे सरकत. इतक्या दूर येऊन हे कसे जमते, ते मला खरोखरच समजत नाही.

'प्रकाशाचे साम्राज्य' हे १९५४ सालचे चित्र समोर आले आणि मी तेथेच खिळले. खाली रात्र आहे. झाडांची काळी आकृती, अंधारात बुडालेले एक घर, उजळलेल्या खिडक्या आणि एक पेटलेला दिवा. वर मात्र भर दिवसाचे निळे आकाश आहे, पांढऱ्या ढगांचे, अगदी निरुपद्रवी. छापील प्रतींमध्ये मी हे चित्र अनेकदा पाहिले होते, तरी प्रत्यक्षात पहिल्या नजरेला काहीच खटकले नाही. आधी आकाश पाहिले, ते पटले; मग दिवा पाहिला, तोही पटला; आणि दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत हे लक्षात आले तेव्हा पोटात खड्डा पडला.

गर्दी विरळ झाल्यावर मी जितके जवळ जाता येईल तितके गेले. कुंचल्याचा कोठेही दिमाख नाही. दिव्याचा उजेड दिव्याने टाकावा तेवढाच पडलेला आहे, दूर जाताना तो विझत जातो, आणि झाडाची टोके आकाशावर जशी उमटावीत तशीच उमटली आहेत. ढगांतला एकही ढग भयाण नाही. रात्र रात्रीचे नियम पाळते, दिवस दिवसाचे; चित्रकाराने अशक्य असे एकच केले आहे, ते म्हणजे दोघांना एका चौकटीत आणणे. या एका कल्पनेवर त्याने १९४९ पासून सतरा तैलचित्रे केली. मला ती चिकाटी थक्क करून गेली, कारण माझ्या कथेत मी प्रत्येक पानावर नवी कल्पना आणत होते आणि आधीची तेथेच टाकून देत होते.

फ्रेंच कवी आंद्रे ब्रेतों यांनी १९२४ च्या अतिवास्तववादाच्या जाहीरनाम्यात विवेकाचा अंकुश नसलेल्या, मनातून थेट उमटणाऱ्या अभिव्यक्तीचा पुरस्कार केला. मी आजवर अतिवास्तववाद म्हणजे तेवढेच समजत होते आणि सुचेल ते लिहीत गेले होते. माग्रितची रीत निराळी होती. दार, खिडकी, झाड अशा नेहमीच्या वस्तूंना तो एकेक प्रश्न मानी आणि विचारपूर्वक त्याचे उत्तर शोधी.

दुसऱ्या दिवशी शहराच्या वायव्येकडील जेत भागात, एसेगम रस्त्यावरच्या त्याच्या जुन्या घरी गेले. १९३० ते १९५४ अशी चोवीस वर्षे तो आणि त्याची पत्नी जॉर्जेट तेथे तळमजल्यावर भाड्याने राहत होती. बागेत त्याने एक कार्यशाळा बांधून घेतली होती, ती जाहिरातींच्या कामासाठी. चित्रे मात्र तो जेवणाच्या खोलीत काढी. खोली लहान आहे. एवढ्या जागेत चित्र टेकवायचा घोडा उभा करायचा, जेवणवेळ झाली की आवरायचे, आणि तरीही हे सारे घडले, हे पाहून माझा गळा दाटून आला.

पुढच्या खोलीत शेकोटी आहे. १९३८ च्या एका चित्रात याच शेकोटीच्या धर्तीवरच्या शेकोटीतून रेल्वेचे इंजिन बाहेर पडते. मूळ चित्र शिकागोत आहे, म्हणून सोबत नेलेली त्याची प्रत मी शेकोटीसमोर धरली. वरच्या फळीवर घड्याळ, दोन मेणबत्तीदाने, मागे आरसा, सारे एखाद्या नीटनेटक्या घरातले. इंजिन हवेत तरंगते. त्याचा धूर मात्र खोलीत पसरत नाही, तो शेकोटीच्या धुराड्यातून वर जातो. अशक्य गोष्टसुद्धा घरची शिस्त पाळते! त्या धुराने मला कथेचा मार्ग दाखवला. मी नवलांची संख्या वाढवत होते आणि ज्या घरात ती घडायची ते घर उभेच केले नव्हते.

परतीच्या ट्राममध्ये वही उघडली. घड्याळ, आरसा, नदी, तिन्हींवर काट मारली. घरातल्या जिन्याला रोज रात्री एक पायरी वाढते, एवढेच ठेवले. मग जिना लिहायला घेतला. कठड्याचा झिजलेला भाग, तिसऱ्या पायरीची करकर, वर चढताना आजीने भिंतीला लावलेल्या हाताचा तेलकट पट्टा, आणि तो पट्टा जेथे संपतो तेथून पुढच्या कोऱ्या भिंतीवर आज प्रथमच उमटलेला तिचा तळवा. उतरायचे स्थानक दोन थांबे मागे राहिले, तेव्हा मी मान वर केली.