१०८ लावला की स्टोअर

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून तक्रार आली, ‘१०८ लागत नाही.’ डाइंगमध्ये एकाच्या हातावर वाफ आली होती. मुकादमाने टेबलावरून १०८ लावला, तर पलीकडून स्टोअरकीपर : ‘सुताचे किती कोन पाहिजेत?’ शेवटी कुणीतरी मोबाइल काढला.

फोनची सिस्टीम बिघडलेली नव्हती, सांगितलं तेच करत होती. आधीच्या माणसाने एक्स्टेंशन, म्हणजे आतल्या फोनचे नंबर, १०० पासून सलग दिलेली : १०१ साहेब, १०८ स्टोअर, ११२ गेट. अ‍ॅस्टेरिस्क, म्हणजे फोन जोडणारं सॉफ्टवेअर, नेमका जुळणारा नंबर आधी घेतं, त्यामुळे १०८ बाहेर पडणारच नाही. बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य, म्हणजे ०१०८ लावला, तर तो शून्य न काढता ट्रंकवर (बाहेर जाणाऱ्या लाइनवर), आणि तिथून ४०४, म्हणजे ‘असा नंबर नाही’, परत. चाचणी फक्त स्वतःच्या मोबाइलवर कॉल लावून केली की हे असं होतं.

सगळी एक्स्टेंशन २१०० च्या पुढे नेली. फोनवरच्या नंबरपट्ट्या बदलण्यातच निम्मा दिवस गेला. १००, १०१, १०८, ११२ शून्यासह आणि शून्याशिवायही चालतील असे घेतले, बाहेर जाताना शून्य काढून. पिन, एसटीडी लॉक या चौघांना लागू नाही, वॉचमनच्या फोनलासुद्धा नाही.

खरी मेख ट्रंकमध्ये. एसआयपी ट्रंक, म्हणजे इंटरनेटच्या तंत्राने चालणारी लाइन, पुण्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर, नंबर ०२० चा. सोलापुरातली आग आणि पत्ता पुण्याचा! म्हणून पहिला रस्ता एफएक्सओ गेटवेवरची (साधी लँडलाइन सिस्टीमला जोडणाऱ्या डब्यावरची) ०२१७ ची, सोलापूरची जुनी लँडलाइन, ट्रंक त्यानंतर. पण लाइन मेलेली असली तरी गेटवे ‘कॉल जोडला’ असंच कळवतो, मग दुसरा रस्ता उघडतच नाही. त्यासाठी व्होल्टेज तपासणी चालू केली : मोकळ्या लाइनवर साधारण ४८ व्होल्ट नसतील तर पोर्ट बंद. दहा सेकंदांत उत्तर आलं नाही तर रस्ता बदलायची सेटिंग मात्र काढून टाकली. पलीकडे रिंग वाजत असताना कॉल तोडला, तर माणूस पुन्हा रांगेच्या शेवटी. सर्व्हर यूपीएसवर होता, पण फोनना वीज देणारा स्विच नव्हता. म्हणजे लाइट गेली की सर्व्हर जिवंत, फोन सगळे मुके. तोही यूपीएसवर घेतला.

११२ ला ‘चाचणीचा कॉल आहे’ असं आधी सांगून, त्यांच्याकडे दिसणारा नंबर विचारून घेतला. ०२१७ चाच होता.

तिसऱ्या दिवशी लॉग उघडला. १०८ वर सात कॉल, प्रत्येकी चार-पाच सेकंदांचे. सवयीने स्टोअरला कोन मागणारे. आधी ‘रुग्णवाहिकेला फोन लागतोय’ अशी सूचना वाजवावी, तर खऱ्या वेळेला तेवढे सेकंद जातात. अजून लावलेली नाही.