पाणी आटल्यावर कन्हानवर कशाला?

"मे महिन्यात कन्हान नदीला पाणी ते किती? घोट्याएवढं! तिथं गळ टाकून काय मिळतं तुम्हाला?" हा प्रश्न दर उन्हाळ्यात होतो. शेजारी विचारतात, ऑफिसात विचारतात. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

नवतपा, म्हणजे मेच्या शेवटाकडचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आधी मी पहाटे साडेचारला नागपुरातून निघतो आणि कामठीजवळ पात्रात उतरतो. नाग नदी शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते ती बरीच खाली, म्हणून मी या वरच्या अंगालाच बसतो. पावसाळ्यात काठोकाठ गढूळ वाहणारं पात्र तेव्हा उघडं पडलेलं असतं. रेती, खडक, मधून एक बारीक धार आणि त्या धारेनं जोडलेले डोह. पुरात मासा कुठं असतो ते कुणाला सांगता येणार? उन्हाळ्यात मात्र सगळी नदी त्या दोन-चार डोहांत येऊन राहते.

सामान फार नाही. बांबूची काठी, तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा, बारीक गळ, डबीत गांडुळं. पहिली दोन वर्षं मी उजाडायच्या आत डोहावर बसायचो आणि हात हलवत परत यायचो. मासे तर समोर दिसायचे, पाण्यावर तोंड काढून. तिथं जाळं धुणारे एक ढिवर काका एकदा म्हणाले, "भाऊ, थोडं थांबा. आत्ता त्याले दमच पुरून नाही राहिला, तो खाईन काय?"

काका बरोबर होते. रात्री शेवाळ आणि पाणवनस्पतीही पाण्यातला प्राणवायू वापरतात, तो परत तयार होतो उन्हातच. त्यामुळं साचलेल्या पाण्यात पहाटे तो सगळ्यात कमी असतो. कोमट पाण्यात मुळातच कमी मावतो. मरळ हवेतला श्वास घेऊन चिखलातही तग धरते, रोहूला ते जमत नाही. तेव्हापासून मी पहाटे डोह सोडून धारेशी बसतो. तिथं पाणी दगडांवर फुटतं, हवा मिसळते, आणि मासा भुकेला असतो.

धांड्याचा तुकडा आधी दोनदा थरथरतो, मग तिरका होऊन सरळ बुडतो. तो टेंगरा. वीतभर, करडा-चंदेरी, लांब मिशांचा. हातात घेतला की करकर वाजतो, पाठीवरचा आणि दोन्ही कल्ल्यांमागचे काटे ताठ करतो. तो काटा एकदा बोटात गेला की दिवसभर ठणका. हात आधी ओला करायचा, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तो नंतर रोगानं मरतो. गळाचा उलटा काटा मी पक्कडीनं दाबून टाकला आहे, त्यामुळं गळ चटकन सुटतो. एखाददुसरा घरी नेतो, बाकीचे पाण्यात.

हेच डोह काही लोक ब्लीचिंग पावडर टाकून, करंट सोडून एका रात्रीत रिकामे करतात. याचा मला मनापासून संताप येतो. रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाचं चढतं, वाहतं पाणी लागतं. मेमध्ये डोहात जो मासा जगला, त्याचीच पिल्लं पुढं नदीत दिसणार.

मागच्या वर्षी मेअखेर कणकेच्या गोळीला एक रोहू लागला. पोट तट्ट फुगलेलं. धारेत उतरून मी त्याचं तोंड वाहत्या पाण्याकडं धरून बसलो. कल्ले आधी भराभर हलत होते, मग संथ झाले. मग शेपटीचा फटका माझ्या मनगटावर बसला आणि तो डोहात गेला. आठ वाजले होते, रेती तापायला लागली होती. काठीची दोरी गुंडाळली आणि निघालो. यंदा पहिला पूर येऊन गेला की त्याच जागी जाणार आहे, गळ न घेता.