दुधी अपडेट: एकदाचं फळ धरलं, पण मग फळमाशी आली

मंडळी, दुधी धरला! आज सकाळी पहिला तोडला, सव्वा किलो भरला, आणि मांडवावर अजून लटकतायत. मागचं अपडेट ज्यांनी वाचलंय त्यांना माहितीये की वेल जोमात होती, थ्री जी कटिंग (मुख्य वेलीचा आणि मग तिच्या फांद्यांचा शेंडा खुडणं, म्हणजे मादी फुलं वाढतात) व्यवस्थित झालेलं, मादी फुलं भरपूर, आणि तरी बोटाएवढा दुधी झाला की टोकाकडून पिवळा पडून गळायचा. तुम्ही बोरॉन सुचवलंत, आंबट ताक सुचवलंत, नीमपेंड वाढव म्हणालात, सगळं दिलं, काडीचा फरक नाही. बरं शेजारच्याच ग्रो बॅगमधली काकडी आणि लाल भोपळा मस्त धरत होते, म्हणजे मातीत काही कमी नव्हतं.

कोडं सुटलं आईमुळे. आई सध्या वाईहून माझ्याकडे राहायला आलीय, फ्लॅटमध्ये तिला करमत नाही म्हणून उन्हं उतरली की गच्चीवर खुर्ची टाकून बसते. एकदा खाली येऊन म्हणाली, "अगं, तुझा दुधी दिवेलागणीला फुलतो, तेव्हा तुझ्या मधमाश्या घरी गेलेल्या असतात."

आणि खरंच तसंच आहे. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, त्याचं काम करतात निशाचर पतंग. भोपळा, काकडी, कारलं ही सकाळची मंडळी, त्यांना मधमाश्या मिळतात. दोडका संध्याकाळचा, आणि त्याचंच भावंड असलेलं घोसाळं मात्र पहाटेचं! पडवळ रात्रीचं. आमच्या चौथ्या मजल्यावर पतंग क्वचितच दिसतात, त्यामुळे ते काम आता आम्ही दोघी करतो. लांब बारीक देठाचं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या, आणि मधला पिवळा परागाचा भाग ज्या फुलामागे लवदार चिमुकला दुधी असतो त्याच्या मध्यावर हलक्या हाताने फिरवायचा. ब्रशच्या भानगडीत पडू नका, पराग ब्रशलाच चिकटून बसतो, नर फूल हेच सगळ्यात चांगलं टूल. फळ धरलं की दोनेक दिवसांत देठ जाड होतो आणि दुधी खाली मान घालतो, ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा आईने खालच्या मजल्यावरच्या वहिनींना हाका मारून वर बोलावलं.

पण एवढ्यावर संपेल तर शप्पथ. धरलेले दुधी वीतभर झाले आणि वाकडे व्हायला लागले. नीट बघितलं तर सालीवर टाचणीने टोचल्यासारखं भोक आणि त्यातून डिंकाचा थेंब आलेला, मधासारखा पारदर्शक. फळमाशी! मादी कोवळ्या सालीखाली अंडी घालते आणि अळ्या आतून गर खातात. एक दुधी वर्तमानपत्रावर चिरला तर आतल्या पांढऱ्या अळ्या अंग वाकवून टणाटण उड्या मारायला लागल्या. पूर्ण वाढलेली अळी अशीच उडी मारून मातीत जाते आणि तिथे कोष करते, म्हणून असं फळ कंपोस्ट बिनमध्ये अजिबात टाकू नका, काळ्या पिशवीत घट्ट बांधून कडक उन्हात ठेवा. वेलीखालची माती पण वरवर उकरून उन्हं दाखवा.

आता सापळ्याबद्दल, कारण इथे माझा जाम संताप झालाय. दुकानात स्पष्ट सांगितलं की दुधीसाठी हवाय, तरी हातात मिथाईल युजेनॉलचा (नर माशीला वासाने ओढणारं आमिष) सापळा दिला, वर "फळमाशी म्हणजे फळमाशी" हे ज्ञान. अहो नाही! मिथाईल युजेनॉल आंब्या-पेरूच्या माशीसाठी, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा आंब्यासाठी वापरतात तो त्यातलाच. वेलवर्गीय भाज्यांच्या माशीला क्यू ल्युर हे वेगळं आमिषच लागतं. घेताना आमिषाच्या वडीवरचं नाव वाचूनच पैसे द्या. आणि क्यू ल्युरमध्ये सुद्धा फक्त नर अडकतात, मादी मोकळीच, त्यामुळे नुसत्या सापळ्यावर विसंबून राहू नका.

खरा उपाय पिशवी. आईने तिच्या जुन्या सुती पातळाच्या ढगळ पिशव्या शिवल्यात, देठाने मान टाकली की त्याच दिवशी चढवायची, तोंडाला सैल दोरी. प्लॅस्टिक नको, आत घाम धरून दुधी सडतो. आजचा दुधी त्याच पिशवीतला, एकही डाग नाही.

त्याची भाजी चणाडाळ घालून केली, सालीची तीळ घालून चटणी. शिजवायच्या आधी एक तुकडा चाखून बघितला, तेवढं नेहमी कराच. कडू लागला तर अख्खा दुधी फेकायचा, त्याचा रस तर अजिबात प्यायचा नाही, जिवावर बेतू शकतं. पानात वाढल्यावर आईने हात जोडले, मी पण जोडले, आणि ते नुसतं सवयीने नव्हतं. मंडईत दुधी घेताना नख रोवून कोवळा आहे का बघायची माझी जुनी सवय, आता हात धजत नाही, कुणीतरी एवढ्या माश्यांतून तो बिनडागाचा आणलेला असतो. आणि खरं सांगू, संध्याकाळचा हा तासभर मला फार लाभलाय. फोन खालीच राहतो, आई तिच्या लहानपणच्या परड्यातल्या गोष्टी सांगते, रात्री झोप शांत लागते. आईचं "मला परत कधी सोडतेस" पण बंद झालंय.

पुढचा प्लॅन असा होता की वेल काढून तिथे मटार लावायचा. पण आत्ता लिहिता लिहिता डोक्यात आलं, पतंगांनाच वर बोलावलं तर? गुलबक्षी दुपार कलल्यावर उमलते आणि तिच्यावर भुंग्यासारखे घोंघावणारे मोठे पतंग येतात, आईकडे तिचं बी आहेच. मांडवाच्या दोन्ही बाजूंना कुंड्या ठेवते. मग अळूवरची ती डोळ्यांसारखे ठिपके असलेली जाड अळी पण मारायची नाही, ती याच कुळातल्या पतंगाची असते, मी तिला आजवर चिमट्याने उचलून फेकत आले. आता अळूची एक कुंडी तिच्या नावाने सोडते, वडीला दुसरी आहे. मटार दुसऱ्या बॅगेत जाईल, दुधीची वेल राहू दे.

कुणाकडे लांब पडवळाचं गावठी बी असेल तर हवंय, संकरित नको. बदल्यात राहुरी कृषी विद्यापीठाच्या सम्राट जातीच्या दुधीचं बी देईन, माझ्याकडे पाकिटात उरलंय. आणि चौथ्या मजल्याच्या वर कुणाच्या गच्चीत दुधी हात न लावता धरत असेल तर आजूबाजूला कुठली झाडं आहेत ते नक्की कळवा.