वरचा राउटर, खालचा राउटर

सांगलीतल्या एका कर सल्लागारांचं घर. खाली ऑफिस, वर बिऱ्हाड. खालच्या डेस्कटॉपवर अशिलांच्या सगळ्या फायली, वरच्या लॅपटॉपला यूएसबीने जोडलेला प्रिंटर. वरून खालच्या फायली कशाबशा उघडत होत्या, पण खालून वरच्या प्रिंटरवर काही पाठवता येत नव्हतं. ‘नेटवर्क’ उघडलं तर दोन्ही मशीन एकमेकांना दिसत नव्हती.

“नेट तर दोन्हीकडे छान चालतंय हो,” काकूंनी दोनदा सांगितलं. हे प्रत्येक घरात ऐकायला मिळतं आणि या दुखण्याशी त्याचा काही संबंध नसतो.

माझ्याआधी दुरुस्तीला येऊन गेलेल्याने दोन्हीकडचा फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारेकरी, बंद केला होता, शिवाय एसएमबी १ ही विंडोजची फायली वाटून घेण्याची जुनी पद्धत चालू करून ठेवली होती. याचा राग अजून गेलेला नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच एसएमबी १ मधल्या भोकातून. त्याच वर्षी विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने त्याला बाहेरची वाट दाखवायला सुरुवात केली. लोकांच्या पॅन-आधारच्या प्रती ज्या मशीनवर आहेत, तिथे हे असं करून निघून जायचं?

मी फायरवॉल परत चालू केला, एसएमबी १ काढलं. तरी वरच्या लॅपटॉपवर दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे डेस्कटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता १९२.१६८.१.२० टाकला की खालचा फोल्डर उघडायचा. इथेच माझी वाट चुकली. फोल्डर उघडतोय म्हणजे जोडणी ठीक, दोष विंडोजच्या शोधयंत्रणेत, असं धरून पाऊण तास मी सेवा तपासत बसलो.

मग ट्रेसर्ट चालवलं; वाटेत कोणकोणते टप्पे लागतात ते ही आज्ञा ओळीओळीने दाखवते. एका घरातल्या दोन मशीनमध्ये एकच ओळ यायला हवी. आल्या दोन: आधी १९२.१६८.०.१, मग १९२.१६८.१.२०. लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.०.१०५. खाली फायबरवाल्यांचा राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांची, म्हणजे १ ची माळ वाटत होता, वरचा राउटर ० ची. खालून आलेली केबल वरच्या राउटरच्या निळ्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या खाचेत होती, म्हणजे घरातच दुसरी भिंत उभी होती.

ती भिंत एकाच बाजूने पार करता येते. वरून निघालेली मागणी राउटर स्वतःच्या नावावर खाली पाठवतो. डेस्कटॉपला ती वरच्या राउटरच्या १ च्या माळेतल्या पत्त्यावरून आलेली दिसते, म्हणजे शेजारचीच, म्हणून फायरवॉलही अडवत नाही. खालून ०.१०५ ला हाक मारली की ती फायबरच्या राउटरकडे जाते आणि तिथून हरवते. आणि ‘मी इथे आहे’ अशी जी दवंडी मशीन पिटतात, ती राउटर ओलांडतच नाही. त्यामुळे पत्ता टाकून उघडतं, नावाने दिसत नाही.

दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा. केबल हलवण्याआधी वरच्या राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, तो खालच्या राउटरच्या वाटपाच्या टप्प्यात येत नाही हे आधी बघून घेतलं. पत्ता बदलला की राउटरचं पान गायब होतं, ते नव्या पत्त्यावर पुन्हा उघडायचं. मग डीएचसीपी, म्हणजे राउटरचं आपोआप पत्ते वाटणं, बंद. त्यानंतरच केबल वॅनमधून काढून घरातल्या मशीनसाठीच्या पिवळ्या लॅन पोर्टमध्ये. हे उलट केलं तर दोन राउटर एकाच तारेवर पत्ते वाटत बसतात आणि आज चाललेलं उद्या बंद पडतं. डेस्कटॉपला १.२० हा पत्ता राखून ठेवला.

तरीही लॅपटॉप दिसेना! प्रवेशद्वार, म्हणजे लॅपटॉप ज्या राउटरमार्फत बाहेर जातो तो, बदललं म्हणून विंडोजने हे नवं नेटवर्क समजून त्याला ‘पब्लिक’, म्हणजे परकं, ठरवलं होतं; अशा नेटवर्कवर मशीन स्वतःला लपवतं. ते ‘प्रायव्हेट’ केलं, फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन ही दवंडी पिटणारी सेवा ऑटोमॅटिकवर ठेवली. मग पासवर्ड विचारायला लागला. तिथे रोजचा चार आकडी पिन चालत नाही, खात्याचा पासवर्डच लागतो, आणि तो घरात कुणालाच आठवत नव्हता. शेवटी दोन्ही मशीनवर शेअरिंगपुरतं वेगळं स्थानिक खातं काढून दिलं. खालून पाठवलेलं पहिलं पान वर छापून आलं.

निघताना सर म्हणाले, “पण आम्ही काहीच बदललं नव्हतं.” काकूंना आठवलं: पावसाळ्यात विजेने वरचा राउटर जळाला होता, मुलाने नवा आणून खोक्यावरच्या चित्राप्रमाणे लावला. चित्रात केबल निळ्या पोर्टमध्येच दाखवतात, कारण कंपनी घरात एकच राउटर धरून चालते. जुना कुणीतरी जाणत्याने लॅनमध्ये लावला होता, पण तसं कुठे लिहून ठेवलं नव्हतं.

मी निळ्या पोर्टवर चिकटपट्टी लावणार होतो. पण पुढचा राउटर जळाला की पट्टी त्याच्याबरोबरच जाणार. म्हणून चिठ्ठी केबलच्या टोकालाच गुंडाळली: ‘पिवळ्यातच लावा. नवा राउटर असेल तर आधी डीएचसीपी बंद.’