शेवटचा रकाना

"अन् पाऊसच नाही पडला तर?" मागच्या सतरंजीवरून एक आजी म्हणाल्या.

भिंतीवर आमचा लॉगफ्रेमचा तक्ता, म्हणजे प्रकल्पाची सगळी आखणी एका चौकटीत. चार ओळी, चार रकाने. बंधारे, विहिरींची पातळी, दुसरं पीक, सगळं एकावर एक रचलेलं. पाऊसही होता की! शेवटच्या रकान्यात, 'गृहीतके'खाली: 'पर्जन्यमान सरासरीइतके राहील.' जेवायच्या सुट्टीआधी पाच मिनिटांत उरकलेलं वाक्य.

१९६९ साली अमेरिकेच्या यूएसएआयडी या परदेशी मदत देणाऱ्या संस्थेसाठी ही चौकट बेतली, तेव्हा तो रकाना मुद्दाम ठेवला होता. जे आपल्या हातात नाही ते तिथे लिहायचं. ते फसलं, की खालच्या ओळीतून वरच्या ओळीत जाता येत नाही.

आजींचा तर सगळा संसार त्याच रकान्यात झालाय.

पुढच्या बैठकीत तक्ता तिथूनच भरायला घेतला तर?