हिवाळ्यात वाचनालय अंगणात येतं

दिवाळी आटोपली, गारठा पडला की माझ्या मामाच्या गावचं वाचनालय अंगणात येतं. अक्षरशः येतं. दोन बाकं, सतरंजी, एक टेबल, पेपरचा स्टँड असं सगळं सकाळी साडेआठच्या सुमारास बाहेर निघतं कारण आत बसवतच नाही, एकच खोली, वरती टीन, आणि आत ऊन यायला दुपार होते. बाहेरच्या लोकांना नागपूर म्हटलं की मे महिन्यातलं 45-46 डिग्रीच आठवतं, आमची थंडी त्यांना पटत नाही. पण 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 डिग्रीवर गेला होता, आणि काटोलकडच्या उघड्या शिवारात तर थंडी अजूनच बोचते. तर गाव काटोल तालुक्यातलं, संत्र्याच्या पट्ट्यातलं, वाचनालय शासनमान्य 'ड' वर्गाचं, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाचं, आणि ते सांभाळणारी एकच बाई, जिला सगळं गाव ताई म्हणतं म्हणून मीही ताईच म्हणते. मी राहते नागपुरात पण सुट्टी मिळाली की गणेशपेठहून एसटी पकडून तिकडं जाते, आणि हिवाळ्यात तिथं जे काय चालतं ते कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे असं बरेच दिवस वाटत होतं.

सुरुवात होते नोव्हेंबरात. 14 ते 20 नोव्हेंबर हा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह. बहुतेक ठिकाणी या सप्ताहात प्रदर्शन मांडतात, पाहुण्यांना नारळ देतात, फोटो काढतात, तेही झालंच पाहिजे, पण ताईंनी या सप्ताहाला कामाला लावलंय. पावसाळाभर ओल खाल्लेली सगळी पुस्तकं त्या एकेक कपाट करून बाहेर काढतात. यात पण पद्धत आहे हां. कडक उन्हात पुस्तक टाकलं तर कागद पिवळा पडतो आणि पुठ्ठा वाकतो, म्हणून सकाळच्या कोवळ्या उन्हात, पुस्तक उभं करायचं, पानं मोकळी सोडायची, ऊन तापायला लागलं की सावलीत घ्यायचं. मग दाढीच्या जुन्या ब्रशनं शिवणीतली धूळ आतून बाहेर झाडायची, कारण कसर तिथंच लपलेली असते. कसरीला आवडते बांधणीतली खळ. आपण म्हणतो कसरीनं पुस्तक खाल्लं, पण आधी ती पाठीची खळच चाटून खाते आणि मग पानं सुटतात. ताई दुरुस्तीला मैद्याची खळ स्वतः शिजवतात आणि त्यात चिमूटभर मोरचूद घालतात, जुने बाइंडर घालायचे तसं, म्हणजे किडा तोंड लावत नाही. मोरचूद विषारी असतं म्हणून त्या भांड्याला पोराबाळांना हात लावू देत नाहीत. पाठीला जुन्या सुती धोतराची पट्टी. कपाट पुसून कोपऱ्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि डांबरगोळ्या.

यंदा हे चाललेलं असताना एक काका रस्त्यानं जात होते ते थांबले. "काहून वो ताई, पुस्तकं वाळू घातले काय पापडावानी?" ताई म्हणाल्या, "हाव जी, तुमी बी बसा, दोन झटका." काका बसले आणि झटकता झटकता एक पुस्तक वाचतच राहिले, बारा वाजले तरी उठेनात, शेवटी घरून नातू बोलवायला आला तेव्हा ते पुस्तक वहीत नोंदवून सोबत घेऊन गेले. आत कपाटात ते पुस्तक किती वर्षं पाठ दाखवून उभं होतं कोण जाणे. डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले त्यातला एक आहे की प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. ताईंनी ग्रंथपालनाचा प्रमाणपत्र कोर्स केला तेव्हा हे पाठ केलं होतं, आणि अंगणात पुस्तकं मांडायला लागल्यापासून ते खरं होताना दिसतंय असं त्या म्हणतात.

रंगनाथन यांचा अजून एक सिद्धांत आहे, वाचकाचा वेळ वाचवा. शहरात त्याचा अर्थ पुस्तक पटकन सापडलं पाहिजे असा होतो. पण गावात? गावात वाचकाचा वेळ पिकाच्या हातात असतो. नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा, त्यातच कापसाची वेचणी, मग तूर. बाया सकाळी मजुरांच्या गाडीत बसतात त्या अंधार पडता पडता परत, मग घरचा स्वयंपाक. वाचनालयाची वेळ दुपारची ठेवली तर वाचनालय उघडं राहील, रजिस्टर पण भरेल, पण बाई एकही येणार नाही. म्हणून ताई या दोन महिन्यांत सकाळी गाडी जिथं थांबते तिथंच जाऊन उभ्या राहतात, संत्र्याचं प्लास्टिकचं क्रेट घेऊन, आणि त्यात पुस्तकं. बारीक पुस्तकंच जास्त, कारण एका मावशीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "जाडं नोको माय, थैलीत डबा दबते." मग चरित्रं, कथा, पाककृती, दिवाळी अंक अशी हलकी हलकी पुस्तकं क्रेटमध्ये. दिवाळी अंक सगळ्यात आधी संपतात. जेवणाच्या सुट्टीत बागेत एक जण मोठ्यानं वाचते आणि बाकीच्या जेवता जेवता ऐकतात, मी स्वतः बघितलंय. संत्र्याच्या सालीचे पिवळे डाग पडलेली पानं परत येतात. ताई रागावत नाहीत. मीही रागावले नसते.

आणि शेतकऱ्यांची वेगळीच तऱ्हा. आपल्याकडं शेतीची वीज एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री अशी पाळीनं येते, आणि हरभरा-गव्हाचं ओलीत नेमकं याच थंडीत. रात्रीची लाईन असली की माणूस रात्री मोटर सुरू करून शेतात बसून राहतो, एक वाफा भरला की पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं, मधला वेळ नुसती शेकोटी. आमचा मामा डोक्याला बॅटरी बांधून वाचतो. त्यालाच बघून दुसरेही दोघं-चौघं वाचायला लागले. ताईंनी एका कागदावर लिहून ठेवलंय कोणत्या शिवाराला कोणत्या आठवड्यात रात्रीची लाईन आहे, त्या आठवड्यात त्या माणसाला एकाऐवजी दोन पुस्तकं मिळतात, आणि तीही जाडजूड, ऐतिहासिक कादंबऱ्या वगैरे. हा कागद कुठल्याच रजिस्टरमध्ये बसत नाही. दाखल नोंदवही आहे, देवघेव आहे, वाचकांच्या सह्यांची वही आहे, तपासणीला हे सगळं लागतं आणि लागलंच पाहिजे, पण माझ्या मते या वाचनालयाचा खरा जीव त्या कागदात आहे.

आता पैशाचं बोलते, कारण त्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहील. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा. त्याप्रमाणं अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणं अनुदान. राज्यात अकरा हजारांच्या आसपास ग्रंथालयं या व्यवस्थेत आहेत, त्यातली कितीतरी आमच्यासारखी गावातली, एका खोलीतली. 2012 मध्ये सगळ्यांची पडताळणी झाली आणि मग कितीतरी वर्षं वर्गबदल अडकून राहिला, म्हणजे ड वर्गातल्या ग्रंथालयानं कितीही चांगलं काम केलं तरी ते ड मध्येच. 2022 मध्ये अनुदान 60 टक्क्यांनी वाढलं. ऐकायला खूप वाटतं, पण ड वर्गाचं वर्षाचं अनुदान 30,000 होतं ते 48,000 झालं. यातलं निम्मं पगाराला धरलं तर तेव्हा महिन्याला 2,000 रुपये झाले. दोन हजार! मजुरांच्या गाडीत बसणारी बाई आठ-दहा दिवसांत याहून जास्त कमावते. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, पेपर, लाईटबिल, कपाटाची दुरुस्ती. केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून येणाऱ्या पुस्तकांमुळं थोडा आधार होतो. मला या आकड्यांचा खरंच त्रास होतो, कारण ताई जे करतात ते हौस म्हणून करतात असं लोक समजतात. हौस नाहीये ती, काम आहे, शिकून केलेलं काम आहे, आणि कामाला पगार पाहिजे.

पोलीस भरती आणि एमपीएससीवाल्या पोरापोरींचं पण सांगते. पहाटे धावून येतात, आंघोळ करून नऊला हजर, दिवसभर हलत नाहीत. उन्हाळ्या-पावसाळ्यात यावरून कुरबूर होते कारण एकच खोली, पोरं बसली की म्हाताऱ्यांना पेपर वाचायला जागा नाही. हिवाळ्यात अंगण मिळतं आणि भांडण आपोआप मिटतं. काही जणांना वाटतं अभ्यासिकेमुळं वाचनालयं संपली, मला नाही वाटत. पोट्टे येतात तरी, पुस्तकाच्या आसपास बसतात तरी. फक्त तुटपुंज्या अनुदानातून गाईड घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, ती वर्षभरात जुनी होतात, त्यापेक्षा पोरांनीच एकमेकांत फिरवावीत आणि वाचनालयानं टिकणारी पुस्तकं घ्यावीत. ताई पूर्ण सहमत नाहीत, त्यांचं म्हणणं गरीब घरची पोरगी गाईड कुठून आणेल, आणि यावर माझ्याकडं चांगलं उत्तर नाही.

डिसेंबरात दोन कार्यक्रम ठरलेले. 6 डिसेंबरला बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी संध्याकाळी सामूहिक वाचन, आणि 20 तारखेला गाडगेबाबांची पुण्यतिथी, त्या दिवशी आधी सगळे मिळून रस्ता झाडतात मग वाचन. बाबासाहेबांच्या पुस्तकांचा कप्पा आमच्या वाचनालयातला सगळ्यात झिजलेला कप्पा आहे. त्यातली बरीच पुस्तकं दीक्षाभूमीवरची, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथं पुस्तकांचे जे स्टॉल लागतात ना, गावातली मंडळी तिकडून येताना पिशवीभर घेऊन येतात आणि स्वतःचं वाचून झालं की वाचनालयात देतात. कुणी सांगितलेलं नाही, तशी रीतच पडलीय. शनिवारी शाळा सकाळची असते म्हणून दुपारी बारक्यांची गोष्टींची बैठक, हरभऱ्याचे घाटे भाजून खात खात, आणि तिथं नियम एकच, काळ्या हातानं पुस्तक धरायचं नाही. बादली भरून ठेवलेली असते.

पण मला सगळ्यात जवळचा कार्यक्रम संक्रांतीचा. गावात रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, वाण म्हणून प्लास्टिकचे डबे, चाळण्या, वाट्या लुटतात. ताईंनी मागच्या हिवाळ्यात ठरवलं की वाचनालयात तिळगूळ ठेवायचा आणि वाण द्यायचं वर्षाच्या सभासदत्वाचं. पैसे आम्ही नागपूरच्या मामे-मावस भावंडांनी मिळून दिले, फार नव्हतेच लागत. बोलावणं सगळ्याजणींना, नवरा असो वा नसो. कार्ड बाईच्या स्वतःच्या नावावर. तोपर्यंत बऱ्याच घरात कार्ड असायचं ते सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावानं, तो आणेल ते ती वाचणार. एक आजी, वय सत्तरीच्या पुढं, कार्ड घेऊन कितीतरी वेळ उभ्या होत्या, मग विचारलं, "माह्याच नावाचं हाय ना हे? पोराले दाखवा नाही लागत ना?" नाही लागत म्हटल्यावर त्यांनी ते ब्लाऊजमध्ये नीट ठेवलं आणि मग पुस्तकांकडं वळल्या. त्यांना वाचायला फार जमत नाही, अक्षर लावून लावून वाचतात. आता नात आठवीत आहे ती वाचून दाखवते, पण पुस्तक निवडायला आजी स्वतः येतात आणि चित्र बघून नाही, ताईंना दहा प्रश्न विचारून निवडतात.

यंदाही तसंच करायचंय. 14 ते 28 जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो, आणि 14 जानेवारी हा आपल्या विदर्भ साहित्य संघाचाही स्थापना दिवस, 1923 सालचा, म्हणून ताईंच्या डोक्यात आहे की त्या दिवशी वाण द्यायचं आणि पुढं पंधरा दिवस रोज एका आळीत क्रेट फिरवायचं. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाला गावातल्या लोकांनीच आपल्या बोलीत गोष्टी सांगायच्या, त्या मी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवणार आहे, कारण म्हाताऱ्या लोकांकडं ज्या गोष्टी आहेत त्या कुठंच छापलेल्या नाहीत.

काय लागतं ते सांगून ठेवते. लहान मुलांची चित्रांची मराठी पुस्तकं, मोठ्या टायपातली पुस्तकं म्हाताऱ्यांसाठी, आणि मागच्या दोन-तीन वर्षांचे दिवाळी अंक चालतील. शाळेची जुनी पाठ्यपुस्तकं, रद्दीत निघालेले गाईड, पानं फाटलेली मासिकं कृपा करून देऊ नका, ती ठेवायला जागा नाही आणि टाकताना ताईंचा जीव तुटतो. नागपुरात असाल तर मी रविवारी बर्डीवर येऊन घेऊन जाईन, खाली कॉमेंटमध्ये कळवा, आणि तुमच्या गावचं वाचनालय हिवाळ्यात काय करतं तेही लिहा, ताई वाचून दाखवायला सांगतात.