जितका धुतला तितका काळवंडला

"तुमच्याकडे याहून कडक औषध असेलच ना? घरातलं सगळं वापरून झालं," काका फोनवर म्हणाले. आवाज थकलेला होता. तागाचा गालिचा चार दिवसांत तीनदा धुतला आणि दर वेळी तो आधीपेक्षा काळा पडत गेला, असं त्यांनी सांगितलं. आत्ता ओला आहे का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "हो, सकाळीच परत धुतलाय."

"मी येईपर्यंत पाण्याचा थेंबही लावू नका. पंखा जोरात सोडा आणि गालिच्याच्या कडा खाली काहीतरी घालून उचलून ठेवा."

त्यांना हे विचित्र वाटलं असणार. बोलावलं होतं धुणारीला आणि ती धुवू नका म्हणत होती. पण गालिचे धुण्याच्या कामात एकोणीस वर्षं काढल्यावर 'दर वेळी जास्त काळा' हे शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो.

दार उघडलं तसा ओल्या गोणपाटाचा वास आला. हॉलमध्ये आठ फूट बाय पाच फुटांचा, सपाट विणीचा गालिचा, चारी बाजूंनी सुती पट्टीची किनार. सोफा काकांना एकट्याने हलला नव्हता, म्हणून त्याच्या एका पायाखाली टीचभर जागा पाण्यावाचून राहिली होती. तिथे मूळचा रंग दिसत होता, फिकट सोनेरी. बाकी गालिचा तपकिरी, आणि पाणी जिथपर्यंत पसरून वाळलं तिथे गडद कडा. मधोमध लाटाही उठल्या होत्या. तागाचा तंतू भिजला की लांबीला फारसा वाढत नाही, जाडीला मात्र चांगलाच फुगतो. पीळ दिलेला धागा असा फुगला की लांबीला आखडतो. सगळीकडे पाणी सारखं लागलेलं नसलं की एक भाग आखडतो, शेजारचा तसाच राहतो, आणि गालिचा असा उचलला जातो.

गालिचा काकांच्या मुलीचा. वर्षभरासाठी बाहेर जाताना तिने तो वडिलांकडे ठेवला होता आणि पुढच्या आठवड्यात ती परत येणार होती. गालिच्याच्या एका टोकाला झाडाची कुंडी ठेवलेली. तिच्या खालची बशी पाझरत होती हे कळलंच नाही. कुंडी हलवली तेव्हा खाली ताटाएवढा गोल डाग. काकांनी तो आधी ओल्या फडक्याने पुसला. नुसता डागच नको, सगळा गालिचा एकसारखा दिसावा म्हणून मग धुण्याची पावडर आणि ब्रश घेतला. शेवटी शेजाऱ्यांकडून वाफेचं यंत्र आणलं.

"दर वेळी फडक्याला तपकिरी पाणी लागायचं हो ताई. मला वाटलं, बघा किती मळ बसलाय आत, अजून निघतोच आहे."

त्यांच्या सगळ्या कष्टांचं मूळ या एका समजुतीत होतं, आणि तिच्यात गैर काहीच नाही. कपड्यातून काळं पाणी निघालं की आपण ते नितळ येईपर्यंत धूत राहतो. तागातून नितळ पाणी येतच नाही.

मी गुडघ्यावर बसले आणि भिंग काढलं. दोन बोटांनी वीण फाकवून धाग्याच्या बुडाशी पाहिलं. वरच्या बाजूला, जिथे हवा लागते तिथे, तंतू गडद तपकिरी; बुडाशी उतरावं तसा रंग फिका होत गेलेला. मळाचं वागणं याच्या उलट असतं. माती आणि रेती जड, ती पायांनी दाबली जाते आणि खाली उतरते. मळका गालिचा वरून बरा आणि फाकवला की आत काळा दिसतो. हा वरून काळा आणि आतून स्वच्छ होता. भिंग काकांच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, पण चेहऱ्यावरून पटल्यासारखं दिसेना.

मग पांढऱ्या सुती कापडाचे दोन तुकडे ओले करून पिळले. एक तपकिरी भागावर दाबून धरला, दुसरा सोफ्याच्या पायाखालच्या त्या सोनेरी जागेवर, जिथे ना कुंडीचं पाणी पोचलं होतं ना काकांचा ब्रश. दोन मिनिटांनी उचलले. पहिल्यावर तपकिरी ठसा आला होता. आणि दुसऱ्यावरही, फिका पण स्पष्ट पिवळा.

काका म्हणाले, "म्हणजे हा रंग त्याचा स्वतःचाच?"

हो, तो मळ नव्हताच. ताग म्हणजे झाडाच्या खोडाच्या सालीतला तंतू. कापसात जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, म्हणजे वनस्पतीच्या तंतूचा मूळ पदार्थ, असतं, म्हणून सुती चादर कितीही धुवा, तिचं काही बिघडत नाही. तागात सेल्युलोजच्या जोडीला त्याच्याच जातीतलं हेमिसेल्युलोज असतं आणि साधारण १२ टक्के लिग्निन. लिग्निन म्हणजे झाडाला ताठ उभं ठेवणारा पदार्थ. जुनं वर्तमानपत्र पिवळं पडतं तेही त्याच्यामुळेच. भरपूर पाणी लागलं की तंतूतली ही रंगीत द्रव्यं थोडी थोडी विरघळतात. गालिचा वाळतो तो वरच्या बाजूने, म्हणून पाणी बुडातून टोकाकडे चढतं, येताना रंग घेऊन येतं, आणि टोकाशी उडून जाताना रंग तिथेच सोडून जातं. माठाच्या अंगावर क्षारांचा पांढरा थर धरतो, तीच गोष्ट. वाळायला जितका उशीर, तितका रंग जास्त चढतो. पाणी अल्कधर्मी असेल तर तो आणखी सुटतो. मी पीएचची, म्हणजे आम्ल की अल्क ते दाखवणारी पट्टी ओल्या धाग्यावर दाबली. सातच्या वर म्हणजे अल्क; ती ९ च्या वर गेली. पावडर पुरती निघालेलीच नव्हती. त्यावर वाफ, म्हणजे उष्णता आणि पाणी दोन्ही एकदम. काकांनी जीव ओतून केलेली प्रत्येक गोष्ट नेमकी रोग बळावणारी होती.

त्यांना हे सांगताना मला माझी सुरुवातीची वर्षं आठवत होती. घायपाताच्या, म्हणजे सिसलच्या गालिच्यावरचा नखाएवढा डाग मी ओल्या ब्रशने काढला होता. डाग गेला आणि त्या जागी थाळीएवढं पाण्याचं वर्तुळ उमटलं. साधं, स्वच्छ पाणी होतं ते. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या त्या वर्तुळाकडे बघत राहिल्या. तेव्हापासून वनस्पतीच्या तंतूवर पाणी घालण्याआधी माझा हात थांबतो.

कामाला लागलो. माझ्याबरोबरचा पोरगा द्रावण मिसळायला निघाला होता, त्याला थांबवलं. आधी ओल काढायची. यंत्राने पाणी ओढून घेतलं, चार उलट्या स्टुलांवर गालिचा अधांतरी ठेवला आणि एक पंखा वरून, एक खालून लावला. खालून वारा हवाच, नाहीतर सगळं पाणी वरच्याच बाजूने निघतं आणि रंगही तिकडेच जातो. उन्हात टाकू का, असं काकांनी विचारलं. मी नको म्हटलं. लिग्निन असलेला तंतू उन्हाने पिवळा पडतो, आणि अर्धा सावलीत अर्धा उन्हात वाळला तर कायमचा दोन रंगांचा होतो.

दोनेक तासांनी गालिचा नुसता दमट राहिला, तेव्हा कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर प्रयोग केला. एक भाग पांढरं व्हिनेगर, तीन भाग पाणी, स्प्रेच्या बाटलीतून धुक्यासारखा फवारा. लगेच पांढरा टॉवेल दाबायचा. घासायचं नाही, ओला ताग कमजोर होतो, घासला की तंतू उसवतात आणि पृष्ठभाग केसाळ दिसतो. आम्लाने पावडरीचा उरलेला अंश मारला जातो आणि तपकिरी रंग फिका पडतो. यासाठी सायट्रिक अॅसिडही वापरतात आणि ते जास्त झटपट काम करतं, पण ते तंतूत मागे राहतं. व्हिनेगर उडून जातं. ज्या गालिच्याला नंतर पाण्याने खळबळता येणार नाही, त्याच्यात काही मागे ठेवायला माझं मन घेत नाही.

कोपऱ्याचा रंग उतरला. मग हातभर पट्टा घ्यायचा, फवारायचं, टिपायचं, वाळवायचं आणि पुढे सरकायचं, असं संध्याकाळपर्यंत चाललं. टॉवेलांचा ढीग झाला. गालिचा मूळच्या रंगावर पूर्ण आला नाही. फिकट सोनेरीऐवजी मध्यम सोनेरी झाला, पण एकसारखा. लाटा कमी झाल्या. राहिलेल्या काढण्यासाठी जरा दमट असतानाच कडा ताणून वजनं ठेवली.

कुंडीची जागा मात्र जमली नाही. गालिचा उलटा केला तेव्हा त्या टोकाला काळे ठिपके होते आणि गालिचा सरकू नये म्हणून खाली घातलेल्या रबरी जाळीचा चिकट थर धाग्यांना लागलेला. मी एक धागा चिमटीत धरून हलकेच ओढला. तुटला नाही, भुगा झाला. चार दिवसांच्या धुण्याने असं होत नाही. बशी कित्येक आठवडे पाझरत असणार, आणि बुरशीने सेल्युलोज खाल्लं होतं. सततच्या ओलीत बुरशीला दोन दिवसही पुरतात, इथे तर हवाच जात नव्हती. काकांना मी स्पष्ट सांगितलं की या जागेवर कोणतंच औषध चालणार नाही. डाग धुता येतो, सडलेला तंतू परत आणता येत नाही.

ते खुर्चीवर बसले. "मुलीला काय सांगू?"

कुंडी टोकाला होती ही नशिबाचीच गोष्ट. ते टोक दीड फूट कापलं आणि नवी सुती पट्टी शिवली, तर गालिचा साडेसहा फुटांचा होऊन टिकेल, असं मी सुचवलं. त्यांनी मुलीला तिथूनच फोन लावला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून ती म्हणाली, "कापा ना बाबा, माझ्या टेबलाखाली तसाही मोठा होत होता."

गालिचा पुरता वाळायची वाट बघताना काकांनी मला घरातली बाकीची जाजमं दाखवली. आतल्या खोलीत लोकरी गालिचा होता. कडा उलटून मी आधी खालची बाजू आणि कपाटाखाली गेलेला भाग पाहिला, कारण कसरीच्या अळ्यांना अंधार आणि शांतता लागते. त्या लोकरीतलं केराटिन हे प्रथिन खातात, तागाच्या वाटेला जात नाहीत. काकांना लोकर खरी की नकली ते पाहायचं होतं. किनारीचा एक सुटा धागा बशीत जाळला. केस जळल्याचा वास आला आणि काळी राख बोटांत चुरली गेली. कृत्रिम असता तर वितळून कडक मणी झाला असता. लोकरीला पाणी चालतं, पण गार किंवा कोमट. धुण्याची पावडर, सोडा, ब्लीच यांपासून तिला लांब ठेवायचं. ब्लीचमध्ये तर लोकर चक्क विरघळते. दारातलं काथ्याचं पायपुसणं सगळ्यांत दणकट. काथ्यात तागापेक्षा कितीतरी जास्त लिग्निन असतं, पण त्याचा रंगच मुळात तपकिरी आणि तंतू पाण्याला खमका. आपटायचं, खालची रेती झाडून काढायची, भिजलं तर उभं करून वाळवायचं, एवढं पुरे.

तागासाठी मी काकांना एकच मोठी सवय सांगितली, कोरडी. आठवड्यातून एकदा-दोनदा व्हॅक्यूम, फिरता ब्रश बंद करून, नुसती ओढ, विणीच्या दिशेने. महिन्यातून एकदा गालिचा उचलून खालची जमीनही झाडायची. सैल विणीतून बारीक रेती खाली उतरते आणि चालताना धागे कापत राहते. तेव्हाच खालून हात फिरवून ओल आहे का तेही कळतं. कोरडा दिसणारा तागही हवेतली ओल धरून असतो. ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत त्याच्या कोरड्या वजनाच्या जवळजवळ १४ टक्के पाणी त्याच्यात असतं. म्हणून दमट दिवसांत त्याला वारा हवा आणि कुंडी त्याच्यावर कधीच नको.

"आणि काही सांडलंच तर?" त्यांनी विचारलं. तोंडी सांगण्यात अर्थ नव्हता. चार दिवसांनी टोक कापून किनार शिवून गालिचा परत दिला, तेव्हा कापलेल्या पट्टीतला एक धड तुकडा मी बरोबर नेला. त्याच्यावर दोन ठिकाणी चमचाभर पाणी काकांनाच ओतायला लावलं. एका जागी लगेच पांढरा टॉवेल दाबायचा, कोरडी बाजू बदलत राहायची, बाहेरून आत यायचं, आणि तुकडा उचलून दोन्ही बाजूंनी गार हवेचा ड्रायर मारायचा. दुसऱ्या जागेला हात लावायचा नाही, तशीच वाळू द्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "ताई, एका जागी गोल उमटलाय. दुसरी जागा मी चष्मा लावून शोधतोय, सापडत नाही."